बाणेर सोडलेले गृहस्थ

बाणेर रस्त्यावर सिग्नल लागला की मागच्या सीटवरून आधी एक सुस्कारा येतो. मग काचेवर बोट टेकवल्याचा टक् असा आवाज. मग वाक्य.

"हे सगळं मी सोडलं."

'हे सगळं' म्हणजे उजवीकडचे तीन टॉवर, डावीकडचे दुमजली शोरूम, मधोमध उभे मेट्रोचे खांब आणि या सगळ्यावरचं शिल्लक राहिलेलं थोडं आभाळ. राजा हरिश्चंद्राने विश्वामित्राला राज्य देऊन टाकलं, त्यानंतर त्याग म्हणावा असा एकच झाला : आमच्या काकांनी बाणेर सोडलं.

असे काका तुमच्याकडेही असणार. नसतील तर तुम्ही पुण्यात नवीन असाल, नाहीतर ते काका तुम्हीच असाल.

आमचे काका नात्याने कुणीच नाहीत. नारायण पेठेतल्या वाड्यात ते आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायचे. आम्ही वाडा सोडला, ते राहिले. पण 'सोडणं' हे क्रियापद मात्र त्यांच्या नावावर आहे. काशीला जाऊन आलेली माणसं एखादं आवडतं फळ सोडतात. साठी उलटली की कुणी साखर सोडतं. काकांनी १९८४ साली कोथरूड सोडलं, १९८८ साली औंध, १९९३ साली बाणेर, २००१ साली बावधन. माझे बाबा त्यांना पाठीमागे 'त्यागमूर्ती' म्हणत.

मी एकदा, लहान तोंडी मोठा घास घेऊन, म्हणालो होतो, "म्हणजे काका, तुम्ही फ्लॅट घेतला नाहीत."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "घेतला नाही आणि सोडला यांत फरक आहे. घेत नाही, असं तर कुणीही असतं. सोडायला आधी जाऊन बघावं लागतं."

तेव्हा मी हसलो होतो. ते वाक्य माझ्यावर उलटायला पुढे पंचवीस वर्षं लागली.

सोडलेल्या फ्लॅटचा भाव ही एक स्वतंत्र गंमत. मी शाळेत होतो तेव्हा कोथरूड अडीचशे रुपये फुटाने सोडलेलं होतं. कॉलेजात गेलो तेव्हा तेच कोथरूड, त्याच साली, पावणेदोनशेने सोडलेलं होतं. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते सव्वाशेवर आलं आणि परवा, याच सिग्नलला, नव्वदवर. बाकी पुण्यात भाव चढतात, काकांच्या पुण्यात उतरतात. या गतीने आणखी दहा वर्षांत असं ऐकायला मिळेल की बिल्डर स्वतः पैसे घेऊन वाड्याच्या दिंडीदरवाजात उभा होता आणि काकांनी त्याला, "नंतर या, आमची जेवणाची वेळ आहे," म्हणून परत पाठवला.

सोडण्याची कारणं मात्र एकदम पक्की. इतक्या वर्षांत त्यांत काना-मात्रेचा फरक नाही. कोथरूड सोडलं, कारण अंधार पडल्यावर रिक्षावाले तिकडे यायला नाही म्हणत. औंध सोडलं, कारण ते 'मुंबईच्या वाटेवर' होतं आणि मुंबईच्या वाटेवर राहिलेला माणूस आज ना उद्या मुंबईला जातोच. बाणेर-बालेवाडी सोडली त्या वेळी तिथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडासंकुलाचं काम चाललं होतं. काकांनी माती उपसणाऱ्या मजुरांकडे बघून निकाल दिला, "खेळ संपले की खेळाडू घरी जाणार. मग इथे राहणार कोण?" हिंजवडी सोडली, कारण संगणकाचं खूळ दोन-तीन वर्षांत ओसरेल याबद्दल त्यांना खात्रीलायक माहिती होती. बावधन सोडलं, कारण चांदणी चौकातला पूल अरुंद. तो पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली तरी काका टीव्हीसमोर बसून होते. धुरळा खाली बसला, बघतात तो पूल पुरता पडलेलाच नाही, उरलेला पोकलेन लावून काढावा लागला. काका हळहळून म्हणाले, "बघ. त्यालाही बावधन सोडवेना."

मगरपट्टा हे त्यांचं जुनं दुखणं. तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरला विकून टाकल्या नाहीत, एकत्र येऊन स्वतःच नगर उभं केलं. काकांनी ते उसाचे फड असतानाच पाहून सोडलं होतं. याचं सार ते असं काढतात : "त्यांनी सोडली नाही, मी सोडली. बाकी आमच्यात फरक काही नाही."

सगळ्या कारणांच्या मुळाशी एकच प्रश्न असे : मंडईपासून किती? पुण्याचा शून्य मैलाचा दगड कॅम्पात मोठ्या पोस्टाजवळ आहे, असं म्हणतात. ती ब्रिटिशांची समजूत. काकांचा शून्य मैल महात्मा फुले मंडईच्या मनोऱ्याखाली आहे आणि तिथून मेथीची जुडी घेऊन निघालं तर ती घरी पोचेपर्यंत मान टाकता कामा नये, ही वसाहतयोग्य भूमीची त्यांची कसोटी. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो मंडईपाशी आली, तेव्हा मी मुद्दाम फोन केला. म्हटलं, "काका, आता वनाजहून निघून मध्ये एकदा गाडी बदलली की थेट मंडई." पलीकडे बराच वेळ काही नाही. मग काका शांतपणे म्हणाले, "हे त्यांनी १९८४ साली सांगायला हवं होतं."

ही वृत्ती त्यांच्या घराण्यात आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा काका दहा वर्षांचे होते. मुठेचं पाणी वाड्यात शिरलं, तळमजला गेला, वर राहणारे कसेबसे राहिले. पुढे पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वस्त्या झाल्या. पेठेतली कितीतरी बिऱ्हाडं तिकडे गेली आणि त्यांना पुण्याबाहेर काढल्यासारखं वाटलं. काकांच्या वडिलांनी सहकारनगर पाहिलं, पर्वतीच्या पायथ्याशी उभं राहून चारही दिशा न्याहाळल्या आणि परत येऊन भिंतीवरची चिखलाची रेघ पुसायला घेतली. सगळ्या जगाने घरादारावर पाणी सोडलं, त्यांनी सहकारनगर सोडलं. काका हे सांगताना आवाज खाली आणतात, कारण ही वडिलोपार्जित इस्टेट आहे.

काकांना साथ आहे ती फक्त महापालिकेची. पालिका गावं घेते, काका सोडतात, पण मधूनच पालिकेलाही काकांचा वारा लागतो. १९९७ साली ३८ गावं हद्दीत घेतली आणि पुढे त्यांतली काही वगळली. २०१७ साली ११ घेतली आणि त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर पुन्हा बाहेर काढली. २०२१ साली आणखी २३ घेतली. वगळल्याची बातमी आली की काका पेपर घडी करून मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "सोडली. मी सांगतच होतो."

माझ्या बाबांनी १९८५ साली कोथरूडला फ्लॅट घेतला, तेव्हा काका तीन रात्री आमच्याकडे येऊन बसत होते. "जंगलात चाललाय तुम्ही. पोरगा लहान आहे." बाबांनी ऐकलं नाही. वास्तुशांतीला सगळ्यांनी पातेली, घड्याळं, गणपती आणले. काकांनी तीन सेलची बॅटरी आणली. "रस्त्यावर दिवे नाहीत तुमच्या," एवढंच म्हणाले आणि जिलबी खाऊन अंधार पडायच्या आत पेठेत परतले. आम्ही सगळे हसलो. आणि ती बॅटरी पुढची सहा वर्षं रोज संध्याकाळी वापरली.

कोथरूडच्या त्या घरात काका दरवर्षी दिवाळीत येत. सोफ्यावर बसत, छताकडे बघत आणि बाबांना म्हणत, "झालं ना चांगलं? मी म्हणतच होतो." बाबा चकली पुढे करत. त्यागी माणसाशी वाद घालू नये.

मग माझी पाळी आली. घर बघायला जाताना काकांना बरोबर नेणं म्हणजे मुलगी बघायला जाताना संन्याशाला नेण्यासारखं. पण बायको म्हणाली, "न्या. चाळीस वर्षं बघतायत. एवढा अनुभव फुकट कुठे मिळतो?" काका आले म्हणजे काकूही आल्या. त्या कायम बरोबर असत. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा.

नव्या वसाहतीच्या साइट ऑफिसातून आम्हाला सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं. तिथल्या मुलीने 'सर, धिस इज युअर मास्टर बेडरूम' म्हणेपर्यंत काका चपला काढून पलंगावर आडवे झाले होते. पाय घोट्यापासून बाहेर.

"हा पलंग कुणाच्या मापाचा केलाय?"

मुलगी म्हणाली, "सर, तो फक्त दाखवायला आहे."

"आणि ही भिंत आरशाची आहे. आरशातलं कार्पेट धरलंय का हिशोबात?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. काका उठून बसले आणि तिला प्रेमाने समजावू लागले की पूर्वी 'सुपर बिल्ट-अप' नावाखाली जिना, लिफ्ट, गच्चीची वाट आणि वॉचमनची खुर्चीसुद्धा आपल्या फुटांत मोजत. हजार फुटांचे पैसे देऊन माणूस सातशे फुटांत राहायचा आणि उरलेले तीनशे जन्मभर शोधायचा. रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेराचं कामकाज सुरू झालं आणि कार्पेट म्हणजे कार्पेट असं ठरलं. "तेव्हा बाळ, आरसे काढ," काका म्हणाले.

ते खोल्या मोजत असताना काकू मात्र गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मोजून झाल्यावर काका तिकडे गेले. दोघं कठड्याला टेकून काहीतरी हळू बोलत राहिले. मला वाटलं, माझ्या कर्जाचा हप्ता काढत असतील.

मग ऑफिसात काकांनी कागद मागितले. सातबारा, एनएचा हुकूम, मंजूर नकाशा. आयुष्यात एकदाही घर न घेतलेला माणूस इंडेक्स टूचा कागद असा वाचतो, जसा दुसरा कुणी जावयाचं पत्र वाचेल. नकाशावर त्यांचं बोट एका ठिपक्या-ठिपक्यांच्या रेषेवर थांबलं. माहितीपत्रकात जिथे हिरवीगार बाग आणि बागेत एक गोरं कुटुंब धावत होतं, बरोबर तिथून विकास आराखड्यातला रस्ता जात होता.

"सर, तो रस्ता व्हायला खूप वर्षं आहेत," मुलगी म्हणाली.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "पुण्यात रस्ता कागदावरून जमिनीवर यायला तीस वर्षं लागतात. पण येतो तेव्हा नेमका बागेतून येतो."

बाहेर पडलो. पार्किंगमध्ये बायकोने विचारलं, "मग?"

माझ्या तोंडून नकळत निघालं, "सोडला."

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मुंजीतही इतका भरून ठेवला नव्हता.

शेवटी मी घेतला तो फ्लॅट सूसला. गाव पालिकेत आलंय, पाणी अजून टँकरने येतंय. वास्तुशांतीला काका एक स्टीलचं पिंप घेऊन आले. रिक्षातून, मांडीवर धरून. चौदाव्या मजल्यावर लिफ्टमधून पिंप आधी आलं, मागून काका. "बॅटरी नको तुम्हाला, दिवे आहेत," ते म्हणाले आणि पिंपाला नळ कुठून बसवायचा ते बघायला निघून गेले.

दुपारी पाहुणे पांगले. काका सोफ्यावर घोरत होते. काकू गॅलरीत उभ्या. समोर टेकडी, तिच्या अंगावर जेसीबीने काढलेला लाल ओरखडा. मी जाऊन शेजारी उभा राहिलो आणि थट्टेने म्हणालो, "काकू, काकांनी सूस कधी सोडलं होतं?"

"इथवर बस नव्हती रे," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तुला खरं वाटतं का, यांनी कोथरूड सोडलं?"

मी गप्प.

"अडीचशे काय आणि नव्वद काय, आमच्याकडे दोन्ही नव्हते. पगारातले मामंजींच्या हातात द्यायचे ते देऊन, धाकट्या दोघांची फी भरून बसचे पैसे उरायचे. म्हणून बस जिथवर जाईल तिथवर आम्ही फ्लॅट बघायचो."

"पण मग बघायला तरी कशाला जायचात?"

काकूंनी पदराने कठड्यावरची धूळ पुसली. नव्या घराच्या कठड्यावरही सिमेंटची धूळ असतेच.

"दोन खोल्या आणि आठ माणसं. स्वैपाकघरात सासूबाई, बाहेरच्या खोलीत मामंजी, गॅलरीत आतेसासूबाई माळ घेऊन. चौकात नळावर सगळा वाडा. नवऱ्याशी काही बोलायचं तर बोलायचं कुठे? एकदा हे म्हणाले, रविवारी कोथरूडला फ्लॅट बघायला जायचंय. फ्लॅट बघायला म्हणजे चांगलं काम, कुणी अडवलं नाही. गेलो. वॉचमनने दार उघडून दिलं आणि तो खाली बिडी ओढायला गेला. आत काही नाही, नुसता चुन्याचा वास. फरशीवर बसलो दोघं. डबा खाल्ला. तासभर बोललो. मोठ्यांदा बोललो, घुमायचं सगळं."

"आणि मग?"

"खाली वॉचमनने विचारलं, पसंत पडला का? हे ऐटीत म्हणाले, नाही, सोडला." काकू हसल्या. "खोटं कशाला सांगू, मला ती ऐट आवडली. पुढच्या रविवारी मीच विचारलं, आज कुठे फ्लॅट बघायचा नाही का?"

आतून काकांचं घोरणं थांबलं, कूस बदलली, पुन्हा सुरू झालं. मी मनात औंध, बाणेर, बावधन अशी सगळी स्टेशनं उलटी मोजत गेलो. ज्या नकाशावर मी इतकी वर्षं चुका बघत होतो, तो यांच्या संसाराचा होता. काकांची सगळी कारणं, ते रिक्षावाले, ते खेळाडू, ती मान टाकलेली मेथी, घरी परतल्यावर आठ माणसांना काहीतरी सांगायला लागायचं म्हणून होती. 'परवडत नाही' हे दिवाणखान्यात बोलायचं वाक्य नव्हे. 'सोडलं' म्हटलं की मान वर राहते. मी आज चौदाव्या मजल्यावर मान वर करून उभा आहे, पण बँक मला अजून एकोणीस वर्षं सोडणार नाही. सकाळी आठला निघतो, रात्री नऊला येतो, आणि दोघांनी मिळून या गॅलरीत उभं राहून तासभर बोललो असं अजून एकदाही झालेलं नाही.

गेल्या वर्षी वाडा पाडला. १९४७ च्या भाडे कायद्याच्या कृपेने बेचाळीस रुपये भाडं भरत आलेल्या काकांना त्याच जागी तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट मिळाला. मंडईपासून मेथी टवटवीत पोचते. मी बघायला गेलो तेव्हा काका सगळ्या खोल्या टेप लावून मोजून बसले होते. तीन इंच कमी भरलं होतं, त्याचा त्यांना फार आनंद झाला होता. काकूंनी मला बेडरूमचं दार लावून दाखवलं. उघडलं, पुन्हा लावलं. "लागतं बघ," म्हणाल्या.

मुलगा बंगळुरूला. सासू-सासरे, आतेसासूबाई केव्हाच गेले. आता घरात दोघंच. मला वाटलं, चला, मिळाली एकदाची बोलायला जागा.

परवा शनिवारी रात्री काकूंचा फोन. "उद्या सकाळी गाडी घेऊन येशील का रे? पिरंगुटला नवी स्कीम आलीय म्हणे."

"काकू, आता कशाला? आता घर झालं ना तुमचं?"

"झालं ना," काकू म्हणाल्या. "पण घरात काही बोलायला सुचतच नाही. तू ये. मी डबा करते."

मागून काकांचा आवाज आला, "त्याला सांग, दहाच्या आत निघू. बाराला सोडायची आहे."